पहिली कादंबरी शेवटच्या पानापर्यंत नेण्यासाठी: नागपुरातील नवलेखकांकरिता पायरीनिहाय मार्गदर्शन

पहिली कादंबरी लिहायला घेतलेल्या माणसाला जो तो सुरुवात कशी करावी हेच सांगतो. माझी अडचण सुरुवातीची नव्हती. जून २०१९ ते ऑगस्ट २०२१ या सव्वादोन वर्षांत मी माझ्या कादंबरीचे पहिले प्रकरण अकरा वेळा लिहिले, दुसरे सहा वेळा, तिसरे चार वेळा, आणि चौथे एकदाही लिहिले नाही. त्यानंतर ज्या क्रमाने काम केले त्या क्रमाने पुस्तक पूर्ण झाले, आणि तोच क्रम येथे देत आहे. मी एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत नोकरी करते, नागपूरच्या महाल भागात राहते आणि साहित्याची पदवी माझ्याजवळ नाही. त्यामुळे हे मार्गदर्शन नोकरी आणि घर सांभाळून लिहिणाऱ्यांसाठी आहे, असे समजून वाचावे.

आधी जवळ काय असावे

- दोनशे पानी आखीव रजिस्टरे, किमान चार. सुटे कागद वापरू नयेत. ते हरवतात आणि फाडून टाकायलाही सोपे असतात.
- साधे बॉलपेन. शाईच्या पेनाविषयी पुढे सांगितले आहे.
- एक वेगळी लहान वही, केवळ तारखा, वये आणि नाती यांच्या नोंदींसाठी.
- ज्या काळावर लिहीत आहात त्या वर्षांची पंचांगे किंवा जुन्या दिनदर्शिका.
- मराठी लेखनविषयक नियमांची पुस्तिका. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम त्यात असतात.
- युनिकोड मराठी टंकनाची सोय असलेला संगणक. हा दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी लागतो, पहिल्याच्या वेळी नव्हे.

१. कादंबरीची हद्द आखा

माझ्या मनात जी कादंबरी होती ती १८७७ पासून आजपर्यंतच्या चार पिढ्यांची होती. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, म्हणून कथानकही तेथूनच सुरू व्हावे असा माझा हट्ट होता. माझे वडील त्या गिरणीत कामगार होते. आज त्या जागेच्या एका भागावर मॉल उभा आहे. एवढा मोठा पट हाताशी असताना लहान काही लिहिणे मला कमीपणाचे वाटत असे. परिणाम असा झाला की पणजोबाच्या काळातील एका बैलगाडीच्या वर्णनावरच दोन उन्हाळे गेले.

हद्द आखणे म्हणजे तीन प्रश्नांची लेखी उत्तरे देणे: किती काळ, किती जागा, आणि कोणाच्या नजरेतून. माझी उत्तरे शेवटी अशी ठरली. काळ: १९७८ मधील एका पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत. जागा: गिरणी कामगारांची एक वस्ती आणि तेथून पायी जाता येईल एवढा परिसर. नजर: सोळा वर्षांच्या एका मुलीची. ही तीन उत्तरे लिहिली त्या दिवशी जुन्या खर्ड्यातील जवळजवळ सगळी पाने निरुपयोगी ठरली, आणि त्याचे वाईट वाटण्याऐवजी मला हायसे वाटले.

यानंतर संपूर्ण कथा एका पानात, भूतकाळात, कोणतेही अलंकार न वापरता लिहून काढावी. शेवट माहीत नसला तरी तात्पुरता एक शेवट लिहावाच. तो पुढे बदलेल, माझा दोनदा बदलला, परंतु ज्या गावाला जायचे त्याचे नाव तिकिटावर असल्याशिवाय गाडीत बसता येत नाही.

२. वेळ आणि जागा ठरवा

नोकरदार माणसाला मिळणारा वेळ पहाटेचा किंवा रात्रीचा. रात्री मी तीन महिने प्रयत्न करून पाहिला. दिवसभर देयके तपासलेल्या डोळ्यांनी लिहिलेली वाक्ये दुसऱ्या दिवशी देयकांसारखीच वाटत. त्यामुळे पावणेपाच ते सव्वासहा ही वेळ ठरवली. घरातील माणसांना ही वेळ स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. त्यांनी ती पाळली नाही तरी, आपण ती पाळत आहोत हे त्यांना दिसत राहते आणि हळूहळू दार वाजणे कमी होते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत दुपारी लिहिणे अशक्यच, आणि कूलरसमोर बसून लिहिण्यात एक फसगत आहे. कूलरची हवा ओलसर असते. २०२२ च्या मे महिन्यात मी शाईच्या पेनाने लिहिलेली सोळा पाने खिडकीतल्या कूलरसमोर उघडी राहिली. सकाळी पाहिले तर ओळींच्या कडा केसाळ झाल्या होत्या आणि दोन पाने एकमेकांना चिकटून अक्षरे आरशातल्यासारखी उलटी उमटली होती. त्यातील एक प्रसंग आठवून पुन्हा लिहावा लागला आणि तो पहिल्याइतका चांगला उतरला नाही, असे मला अजून वाटते. म्हणून बॉलपेन वापरावे आणि वही रात्री कपाटात ठेवावी.

घरात जागा नसल्यास ग्रंथालय पाहावे. झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघ ही १९२३ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथील ग्रंथालयाचा आणि कार्यक्रमांचा उपयोग नवलेखकाने जरूर करून घ्यावा. मेट्रोचे स्थानक चौकातच असल्याने शहराच्या कोणत्याही टोकाहून जाणे सोपे झाले आहे. मात्र कार्यक्रमांना जाणे आणि लिहिणे यांत गल्लत होऊ देऊ नये. एका हिवाळ्यात मी इतक्या व्याख्यानांना हजेरी लावली की वहीत व्याख्यानांच्या टिपणांखेरीज काहीच नव्हते.

३. पहिला खर्डा मागे न वळता पूर्ण करा

या पायरीवरच बहुतेकांची पहिली कादंबरी थांबते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशीचे वाचून, दुरुस्त करून मग पुढे लिहायचे, ही सवय वरकरणी शिस्तीची वाटते. प्रत्यक्षात ती पुढचे प्रकरण टाळण्याची सभ्य युक्ती असते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आपल्याला सगळे ठाऊक असते. चौथ्यात काय होणार हे ठाऊक नसते, आणि त्या न कळण्याला सामोरे जाण्यापेक्षा पहिल्या प्रकरणातील विशेषणे बदलणे सुखाचे असते. माझ्या अकरा पहिल्या प्रकरणांमागे याशिवाय दुसरे कारण नव्हते.

उपाय म्हणून मी लेखा शाखेतील सवय घरी आणली. वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले: तारीख, आजचे शब्द, एकूण शब्द, शेरा. रोजचे उद्दिष्ट चारशे शब्दांचे, म्हणजे माझ्या अक्षरात सुमारे दीड पान. चारशे शब्द दीडशे दिवस लिहिले की साठ हजार होतात, आणि तेवढ्यात मध्यम आकाराची कादंबरी होते. मला दीडशे नव्हे, दोनशे बारा दिवस लागले, कारण मार्च महिना आमच्याकडे वर्षअखेरीचा असतो आणि त्या महिन्यात रकाने कोरे आहेत. कोऱ्या दिवशीही तारीख लिहावी आणि शेऱ्यात कारण लिहावे. "पाहुणे", "ताप", "कंटाळा" अशी कारणे सलग दिसू लागली की पुढे काय करायचे ते कोणी सांगावे लागत नाही.

पुढील नियम पहिल्या खर्ड्यापुरते काटेकोरपणे पाळावेत:

- मागचे पान उघडायचे नाही. केवळ शेवटचा परिच्छेद वाचून पुढे लिहायचे.
- मागे काही बदलायचे सुचले, तर बदल न करता समासात "मामा आधीच वारलेला असावा" अशी एका ओळीची नोंद करायची आणि मामा वारलेला आहे असे धरून पुढे जायचे.
- नाव, तारीख किंवा वस्तूचे नाव आठवत नसल्यास चौकट काढून पुढे जायचे. माझ्या पहिल्या खर्ड्यात अशा एकशे चाळीसहून अधिक चौकटी होत्या.
- आजचे लिखाण अर्ध्या वाक्यात थांबवायचे. उद्या निदान ते वाक्य पूर्ण करण्यासाठी तरी बसता येते.

खर्डा वाईट होईल. माझ्या खर्ड्यात एका पात्राचे नाव मध्येच बदलले होते, आणि एक म्हातारी दोनदा मेली होती.

४. माहिती गोळा करा, पण खर्ड्यानंतर

आधी संशोधन आणि मग लेखन हा क्रम शास्त्रशुद्ध वाटतो, परंतु कादंबरीत कोणती माहिती लागणार हे खर्डा झाल्याखेरीज कळत नाही. गिरणीतील यंत्रांविषयी मी पाच महिने वाचले, आणि कादंबरीतील मुलगी एकदाही गिरणीच्या आत गेली नाही. खर्डा झाल्यावर मात्र त्या एकशे चाळीस चौकटी म्हणजेच माहितीची नेमकी यादी असते. ती घेऊन ग्रंथालयात जाऊन त्या वर्षांची वर्तमानपत्रे चाळावीत, जुनी दिनदर्शिका मिळवावी आणि त्या काळी तरुण असलेल्या माणसांशी बोलावे.

माणसांच्या आठवणी गोड असतात आणि अनेकदा चुकीच्या असतात. गिरणीचा सकाळचा भोंगा किती वाजता होत असे, हे मी तीन निवृत्त कामगारांना विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. तिघेही आपल्या उत्तरावर ठाम होते. शेवटी मी निवेदनातून वेळ काढून टाकली आणि "भोंगा झाला तेव्हा चूल पेटलेली होती" एवढेच ठेवले. अशा वेळी खोटा नेमकेपणा आणण्यापेक्षा पात्राच्या दिनक्रमात ती गोष्ट बसवणे अधिक बरे.

माझ्या दोन चुका येथे नोंदवते, कारण दोन्ही सहज घडण्याजोग्या आहेत. पहिली: १९७८ मधील एका स्कूटरला मी "एमएच ३१" या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दिला होता. ही पद्धत त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. दुसरी अधिक लाजिरवाणी आहे. कादंबरीतील पहिला मोठा प्रसंग पोळ्याच्या रात्रीचा; मुलगी अंगणात उभी राहते आणि "टिपूर चांदण्यात" तिला दाराशी बांधलेली बैलजोडी दिसते. पोळा श्रावणी अमावास्येला असतो. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहत लहानाची मोठी झालेल्या महालातल्या बाईने हे लिहावे, आणि अकरा वेळा लिहूनही तिच्या लक्षात येऊ नये! दुसऱ्या खर्ड्यात तो प्रसंग काळोखात घडतो, मुलीला बैल दिसत नाहीत, फक्त त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा ऐकू येतात, आणि त्याने प्रसंगाचे भलेच झाले.

म्हणून सुरुवातीला सांगितलेल्या लहान वहीत प्रत्येक प्रसंगापुढे महिना, तिथी, ऋतू आणि पात्राचे वय लिहावे. एक संध्याकाळ या कामाला पुरते.

५. बोलीचा निर्णय एकदाच घ्या

नागपुरात घडणारी कादंबरी लिहिताना निवेदन कोणत्या भाषेत आणि संवाद कोणत्या भाषेत, हा प्रश्न टाळता येत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत हा रूढ मार्ग आहे व पहिल्या पुस्तकासाठी तो पुरेसा आहे. खरी अडचण पुढे येते: बोली लिहायची कशी?

पहिल्या खर्ड्यात मी प्रत्येक उच्चार जसाच्या तसा उतरवण्याचा प्रयत्न केला आणि संवाद वाचताना माझीच जीभ अडखळू लागली. नंतर लक्षात आले की आपल्या बोलीची ओळख मोडक्या शुद्धलेखनात नाही. ती क्रियापदात आणि विभक्तीत आहे. "कुठी जाऊन राहिला बे?", "मले काऊन सांगतलं नाही?", "तो येते म्हणे" या वाक्यांत शब्द फारसे वेगळे नाहीत, पण नागपूरच्या माणसाला ती ऐकू येतात. "जाऊन राहिला", "मले-तुले", "तो म्हणते" एवढे सांभाळले की बाकीचे शब्द नेहमीच्या लेखनाप्रमाणे लिहिले तरी चालतात.

वऱ्हाडी आणि नागपुरी यांची सरमिसळ हा दुसरा सापळा. "डोळा" ऐवजी "डोया" म्हणणारा माणूस अकोला-अमरावतीकडचा वाटतो. तो तसा असेल तर त्याने जरूर तसे बोलावे, परंतु इतवारीत जन्मलेल्या पात्राच्या तोंडी ते घालू नये. शिवाय एकच माणूस सर्वत्र एकाच तऱ्हेने बोलत नाही. माझ्या कादंबरीतील कारकून साहेबांसमोर प्रमाण भाषेत, घरी बोलीत आणि बाजारात अर्ध्या हिंदीत बोलतो, आणि तो कोणत्या क्षणी कोणती भाषा सोडतो यावरून त्याची भीती कळते. ही सोय प्रमाण मराठीत वाढलेल्या लेखकाला नाही. आपण ती वापरावी.

वस्तूंची नावेही इथलीच असावीत. पानटपरी नव्हे, पानठेला; बटाटेवडा नव्हे, आलूबोंडा. यावर तळटीपा किंवा शब्दसूची देऊ नये, शब्द पहिल्यांदा येतो तेथे अर्थ उलगडेल असा संदर्भ द्यावा. माझ्या खर्ड्यात आई पोह्यांवर बारीक चिरलेला सांबार घालते. पुण्याच्या एका मैत्रिणीने वाचून कळवले की पोह्यांवर सांबार ओतणे ठीक, पण तो चिरायचा कसा? विदर्भाबाहेर कोथिंबिरीला सांबार म्हणत नाहीत, हे मी पूर्ण विसरले होते. आता त्या वाक्यात आई जुडी सोडते, देठे बाजूला काढते आणि मग चिरते.

६. खर्डा बाजूला ठेवा, मोठ्याने वाचा, वाचक निवडा

पहिला खर्डा संपल्यावर तो किमान सहा आठवडे पाहू नये. नंतर संपूर्ण खर्डा मोठ्याने वाचावा. जेथे श्वास लागतो तेथे वाक्य लांब आहे आणि जेथे आपलेच लक्ष खिडकीबाहेर जाते तेथे प्रसंग अनावश्यक आहे. माझी पाच प्रकरणे या वाचनात गळाली.

वाचक तीनच असावेत आणि त्यांना वेगवेगळे प्रश्न द्यावेत. त्या काळात जगलेल्या माणसाने तपशील तपासावा (स्कूटरचा क्रमांक माझ्या सत्तरीच्या शेजाऱ्यांनी पकडला), बाहेरगावच्या वाचकाने न कळलेले शब्द खुणवावेत, आणि भरपूर कादंबऱ्या वाचणाऱ्या एखाद्याने केवळ वाचन कोठे थांबवावेसे वाटले ते पान क्रमांकाने सांगावे. "कशी वाटली?" असे कोणालाही विचारू नये. नातेवाईक छान म्हणतात, आणि ज्या आत्याला स्वतःची छाया दिसते ती बोलणे सोडते.

७. टंकलेखन: युनिकोडच वापरा

दुसरा खर्डा स्वतः टंकित करणे उत्तम, कारण टंकताना प्रत्येक वाक्य पुन्हा एकदा हाताखालून जाते. बाहेर टंकायला देणार असाल तर सुरुवातीलाच युनिकोडची अट घालावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली संहिता दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते आणि रूपांतर करताना जोडाक्षरे निसटतात. फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" ही अक्षरे मराठी वळणाची आहेत ना ते पाहावे; ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात हे वळण ठरवून दिलेले आहे.

एक सापळा खास मराठीचा आहे. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतील "ऱ्य" अनेकदा "र्य" असा उमटतो आणि "दुसर्या" असे विचित्र रूप तयार होते. माझ्या संहितेत असे शेकडो शब्द होते. मी शोधून बदलण्याची आज्ञा वापरली, "र्य" जेथे असेल तेथे "ऱ्य" करा असे सांगितले आणि "सर्व बदला" दाबले. त्यानंतर माझ्या कादंबरीत "सूऱ्य" उगवू लागला, "आचाऱ्य" प्रवचन देऊ लागले आणि मुलीची आई घरकाऱ्यात गुंतली. असे बदल एकेक करून, प्रत्येक शब्द पाहूनच करावेत. रोजच्या कामाची प्रत दिवसाच्या तारखेने जतन करून स्वतःला ईमेलने पाठवावी.

८. प्रकाशकाकडे जाताना

सरसकट सगळ्या प्रकाशकांना संहिता पाठवण्यात अर्थ नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्धा येथे ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तेथील ग्रंथप्रदर्शनात मी दोन दिवस फक्त याद्या जमवल्या. कोणता प्रकाशक नव्या लेखकांच्या कादंबऱ्या काढतो, कागद आणि छपाई कशी आहे, शुद्धलेखनाकडे लक्ष दिसते का, एवढेच पाहिले आणि सहा नावे निवडली. त्यांच्याकडे पुढील गोष्टी पाठवल्या:

- एका पानाचे विनंतिपत्र, ज्यात शब्दसंख्या आणि विषय आहे
- दोन पानांचा कथासारांश, शेवटासह (शेवट लपवू नये, संपादकाला उत्सुकतेत ठेवून काही साधत नाही)
- पहिली तीन प्रकरणे, एका बाजूला छापलेली, दोन ओळींत अंतर ठेवून
- अर्ध्या पानाचा स्वतःचा परिचय

उत्तराला सहा महिने लागले तरी नवल मानू नये. दोन ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणांहून काहीच आले नाही. एका ठिकाणाहून आठ दिवसांत प्रशंसेने ओथंबलेले पत्र आले आणि खाली लेखकाने छपाईचा संपूर्ण खर्च द्यावा व तीनशे प्रती विकत घ्याव्यात असे होते. असा व्यवहार बेकायदेशीर नाही, परंतु करायचाच असेल तर हिशेब स्वतः मांडून करावा. डेमी आकाराच्या पानावर साधारण दोनशे ऐंशी शब्द बसतात. साठ हजार शब्दांची सुमारे दोनशे पंधरा पाने होतात, शीर्षकपृष्ठे धरून दोनशे चोवीस. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे चौदा फर्मे. एवढे घेऊन दोन मुद्रकांकडून कागद, छपाई आणि बांधणीचे दरपत्रक मागवावे आणि प्रकाशकाने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. मी ते ताडले आणि नम्रपणे नकार कळवला.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळ अर्ज मागवते तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक शब्द न् शब्द वाचावे, आणि अर्जासोबत दिलेल्या संहितेची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

९. करार वाचल्याशिवाय सही नको

आनंदाच्या भरात आलेला कागद सही करून परत पाठवण्याचा मोह होतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत धरला जातो. हक्क घेतलेल्याने एका वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते. हे "वेगळे काही" बारीक अक्षरांत असते, म्हणून ते शोधावे.

सहाव्या प्रकाशकाकडून आलेल्या मसुद्यात "सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी" असे शब्द होते. मी ते खोडून छापील मराठी आवृत्तीपुरते आणि ठरावीक वर्षांपुरते केले. अनुवाद, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक आणि चित्रपट हे हक्क स्वतःकडे ठेवले. प्रकाशकांनी कुरकुर न करता ते मान्य केले, यावरून मसुदा म्हणजे शेवटचा शब्द नसतो हे मला कळले. मानधनाचे टक्के छापील किमतीवर आहेत की विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर, आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून केव्हा मिळणार आणि लेखकाला विनामूल्य प्रती किती, हेही लिहून घ्यावे. पॅन, आधार आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत या वेळी लागते.

१०. नोंदणी, आयएसबीएन आणि प्रुफे

कॉपीराइट लेखनाबरोबरच निर्माण होतो आणि लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. पुराव्यासाठी करायची असल्यास साहित्यकृतीचे शुल्क पाचशे रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रकाशक घेतो. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकाला तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. त्यामुळे या क्रमांकासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते सेवेचे पैसे आहेत, क्रमांकाचे नव्हेत. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. प्रकाशक तुम्हीच असाल तर टपालाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

प्रुफे, म्हणजे छपाईआधी तपासण्यासाठी येणारी पाने, मात्र स्वतःच पाहावीत, आणि पडद्यावर नव्हे, कागदावर. माझ्या पहिल्या प्रुफांत एका उत्साही मुद्रितशोधकाने संवादांतील "करून राहिला" सर्वत्र "करत आहे" असे "शुद्ध" केले होते. चौदा फर्म्यांत ते पूर्ववत करण्यात एक महिना गेला. तेव्हापासून मी संहितेच्या पहिल्या पानावरच "संवाद बोलीत आहेत, बदलू नयेत" असे लाल अक्षरांत लिहून ठेवते. एका वाचनात एकच गोष्ट तपासावी: एकदा फक्त शुद्धलेखन, एकदा फक्त नावे आणि वये, एकदा फक्त प्रकरणांची शीर्षके व पान क्रमांक. ओळीखाली पट्टी ठेवून वाचल्यास डोळा पुढे पळत नाही.

माझी तिसरी प्रुफे मागच्या सोमवारी परत गेली. नवव्या फर्म्यात आणखी एक "सूऱ्य" सापडला.